चावरं कॅबिनेट

आमच्या घरात बाबांच्या नावावर दोन यंत्रं आहेत. एक छातीत, डाव्या खांद्याखाली, कातडीआड. दुसरं खिडकीशी, टेबलावर. पहिलं नागपूरच्या डॉक्टरांनी बसवलं, दुसरं मी. पहिलं थांबलं तर बाबा थांबतील, एवढं सरळ आहे. दुसऱ्यानं पहिल्याला थांबवायचा घाट कसा घातला, त्याची ही गोष्ट.

मला वाढवून सांगायची सवय आहे. आमच्याकडे अंगणातून मांजर गेलं तरी वाघ गेला म्हणतात, आणि शेजारी कुंपण दुरुस्त करतात. तेव्हा यातले वाघ तुम्हीच मांजराएवढे करून घ्या. फक्त पाडव्याची सकाळ आहे तशी ठेवा. तिथे मी काही वाढवलेलं नाही.

मी राहते येलहंक्याला आणि नोकरी करते इलेक्ट्रॉनिक सिटीत, म्हणजे बंगळुरूच्या एका टोकाला उशी आणि दुसऱ्या टोकाला पाय. सकाळी निघताना हाताला मेंदी लावली तर पोचेपर्यंत रंगते आणि परतेपर्यंत फिकी होते. भाड्याचं घर वरच्या मजल्यावर. डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की स्वयंपाकघरातले डबे आपापली जागा बदलतात; मी कितीतरी वेळा तुरीच्या जागी मसूर शिजवली आहे. खाली घरमालकीण अक्का. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आलं आणि इथलंच झालं. तिच्या मराठीत दर तिसरा शब्द कन्नड, आणि उरलेले दोन माझ्या आजीच्या आजीनं वापरून ठेवलेले.

मी राहायला आले तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात धुण्याचा दगड होता. दगडावरचं पाणी भिंतीकडे वाहायचं. तिथे एक लोखंडी पाइप जमिनीत गेलेला, आणि त्याच्याभोवती अळू. अळू म्हणजे कसं, एकेका पानाखाली स्कूटर लावावी! अक्का टोपलीभर पानं वर पाठवायची आणि मी वड्या खाली पाठवायचे. त्या पाइपातून एक जाड तार निघून भिंतीवर चढली होती. अळू समोर असताना तारेकडे कोण बघतं?

मग बोअर आटली. टँकरचं पाणी दगडावर ओतणं अक्काच्या जिवावर आलं. तिनं कपडे धुवायचं मशीन घेतलं, दगड उपटला, आणि मुलाची गाडी लावायला अंगणभर फरशी घातली. अळू गेलं. मला वाईट वाटलं ते वड्यांसाठी. माणूस रडतो तेसुद्धा नेमक्या चुकीच्या गोष्टीसाठी.

त्याच हिवाळ्यात बाबा आले. आई गेल्यावर नागपूरच्या घरात ते एकटेच होते, आणि एक दिवस नळाखाली बादली भरता भरता पडले. हृदयाचे ठोके मधेच गळत होते. पेसमेकर बसवला आणि डॉक्टरांनी बजावलं, "मोबाईल डाव्या खिशात नको, वेल्डिंगजवळ उभं राहायचं नाही, करंट तर अजिबात नको. तुमचं हृदय आता या मशीनच्या भरवशावर आहे." बाबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, करंटला हात लावायला मी काय लहान पोट्टा आहे?"

इथे त्यांना करमेना. नागपुरात रोज सकाळी त्यांची बुद्धिबळाची टोळी जमायची. खेळ कमी, एकमेकांच्या अकलेचं पोस्टमॉर्टम जास्त. टोळीनं व्हिडिओवर बोलवायला सुरुवात केली, पण फोनवर बाबांना घोडा आणि उंट यांत फरक दिसेना. माझा लॅपटॉप कंपनीचा, त्यावर कंपनीशिवाय कोणी उंट चालवायचे नाहीत. मग मी जाहीर केलं, "बाबा, मी तुम्हाला कॉम्प्युटर बांधून देते. मोठा पडदा, मोठी अक्षरं, कमी खर्च."

"बांधून? घर आहे का ते?"

"घरापेक्षा सोपं."

हे वाक्य मी फार मोठ्यानं बोलले होते.

पार्ट निवडायचा मी जो अभ्यास केला, तेवढा दहावीला केला असता तर बोर्डानं मला तिथेच ठेवून घेतलं असतं. ऑफिसच्या बसमध्ये झोपेत मी मदरबोर्डांची नावं घ्यायचे, शेजारची बाई अंगावरून पदर घेऊन सरकायची. शेवटी एका शनिवारी बाबांना घेऊन एसपी रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. तिथली दुकानं इतकी अरुंद की गिऱ्हाइकानं श्वास आत घेतला तर दुकानदारानं बाहेर सोडायचा. प्रोसेसर असा घेतला की चित्र दाखवायची सोय त्याच्यातच. वेगळं ग्राफिक्स कार्ड कशाला? बाबांच्या मित्रांचे चेहरे जेवढे धूसर तेवढे बरे. मदरबोर्ड साधा. मग रॅम. रॅमचे भाव सध्या सोन्याशी शर्यत लावून चढलेत. आकडा ऐकून बाबांनी छातीला हात लावला. मी पाकीट टाकून त्यांचा दंड धरला.

"काही नाही," ते म्हणाले, "यंत्र चालू आहे का बघत होतो."

पॉवर सप्लायला मात्र मी हात आखडला नाही. सगळे तिथेच वाचवतात आणि मग घरात धूर निघतो. बाबांनी तो जड डबा हातात तोलला. "हे डबडं एवढं महाग काऊन?"

"बाबा, ते त्याचं हृदय आहे."

त्यांनी डबा दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला. मग म्हणाले, "मग चांगलंच घे. माझं घेताना तू भाव विचारला नव्हता."

राहिलं कॅबिनेट. मला काचेचं हवं होतं, आत दिवे लागतात तसलं. त्यात बाबांच्या टोळीला भुरळ पाडायचा डाव होता. बाबांनी दुकानाच्या माळ्यावरून एक जुना माल खाली काढायला लावला. पूर्ण पत्र्याचं, राखाडी, तहसील कचेरीतल्या कपाटाचं पिल्लू वाटावं असं. वरच्या कडेला रंग गेलेली पट्टी, आत नागडं लोखंड. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात वस्तू. काचेच्या डब्यात बरणीतलं लोणचं ठेवतात."

दुकानदार बिल करता करता म्हणाला, "घरात अर्थिंग आहे ना मॅडम? स्वल्प बघून घ्या, पत्र्याचा डबा आहे."

"आहे की. तीन भोकांचा बोर्ड आहे," मी म्हणाले.

"आहे की" म्हणायला किती सोपं असतं! तिसरं भोक होतं. त्याच्या मागे तारही होती. ती तार भिंतीतून उतरून थेट त्या पाइपापर्यंत जात होती, जिथे पूर्वी अळू होतं.

जोडणी मी संध्याकाळी केली, पायात चपला घालून. बंगळुरूची फरशी बारा महिने आजारी माणसाच्या कपाळासारखी गार असते, म्हणून मी झोपेतून उठले तरी आधी चपला शोधते. बटण दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर उजेड आला. मी असा जल्लोष केला की खालून अक्कानं काठीनं छताला टोचलं.

बाबांनी मात्र चपला दाराबाहेर काढल्या. वही-पुस्तकाला पाय लागला तर पाया पडणारा माणूस. विद्येच्या वस्तूपुढे चपला घालून बसणं त्यांच्यानं होणार नव्हतं. त्यांनी कॅबिनेटला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून नेमच धरला. आंघोळ करून यायचं, ओल्या हातानं, ओल्या पायानं. तळहात कॅबिनेटच्या त्या नागड्या पट्टीवर टेकवायचा, मग कपाळाला, मग छातीला. मग टोळी.

"पाडव्याला रीतसर पूजा करू याची," ते म्हणाले. "तोवर हे कच्चं."

थोड्या दिवसांनी एका सकाळी मी डबा भरत होते. पाहिलं तर बाबा खुर्चीत बसलेले, एक हात टेबलाच्या कडेला घट्ट, आणि नजर पडद्यावर नाही, पडद्याच्या पलीकडे कुठेतरी. पडद्यावरून एक म्हातारा ओरडत होता, "अरे, चाल तं कर! का बस स्टँडवर गेला घोडा आणायला?"

"बाबा?"

"अ‍ॅसिडिटी," ते म्हणाले. आणि घोडा चालवला, चुकीचा.

मग अक्काचा ऑफिसात फोन; बाबांना ती अण्णा म्हणते. "अण्णा जिन्यात बसलेत की. तोंड पांढरं झालंय. मी ताक दिलं. सरी झालेत, बरे आहेत आता." मी इलेक्ट्रॉनिक सिटीतून निघाले, आणि त्या दिवशी शहरानं मला घरी पोचू द्यायचं नाही असंच ठरवलेलं. पोचले तेव्हा बाबा वांगी चिरत होते. म्हणाले, "एवढ्यासाठी आली? बाप्पा! ताकानं बरं वाटलं मला."

टोळीनं माझ्याकडे तक्रार केली की तुझा बाप मधेच थांबतो, आम्हाला वाटतं वेळ खाऊन बेईमानी करतो. मी हसले. मग फोन ठेवला आणि हसू कुठे गेलं ते कळलं नाही.

मी साखर तपासली. चष्मा बदलला. टँकरच्या पाण्यावर संशय घेतला, अक्काच्या ताकावरही घेतला. एका संध्याकाळी तर कॅबिनेटवरच हात ठेवून उभी राहिले. थंडगार, गरीब गाईसारखं. आत पंखा घोरत होता.

"बाबा, हे तुम्हाला काही करतं का?"

"सकाळी जरा रागात असतो तो," ते म्हणाले.

"कोण?"

त्यांनी पेपर उलटला. "पंखा. आवाज करतो."

त्यानंतर मी सकाळी त्यांच्याकडे लक्ष ठेवू लागले, आणि एक गोष्ट दिसली, जी मला आजही डोळे मिटले की दिसते. कॅबिनेटवर हात टेकवण्याआधी ते श्वास रोखून धरायचे. थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेण्याआधी धरतो तसा. मला वाटलं, भक्ती वाढली.

पाडवा आला. तोच इथला उगादी. खाली अक्काकडे देवनहळ्ळीहून सगळे नातेवाईक आलेले, आणि या दिवशी तेल लावून न्हायचं म्हणजे न्हायचंच. पहाटेपासून खाली न्हाणी चालू होती. बादल्या आपटत होत्या, पोरं किंचाळत होती, भिंतीतल्या नळातून गरम पाणी गुरगुरत होतं. मी दारात तोरण बांधत होते. टेबलाशी कॉम्प्युटर चालू. पडद्यावर टोळी धुतलेल्या सदऱ्यांत, पूजा बघायला ताटकळलेली. एक जण दुसऱ्याला सांगत होता की पोरीनं बापासाठी रॉकेट बांधलं. ही बातमी मीच पेरली होती.

बाबा न्हाऊन, रेशमी सोवळं नेसून देवाच्या कोनाड्यापुढे पुटपुटत उभे होते. फरशीवर त्यांच्या पावलांचे ओले ठसे.

तेवढ्यात अक्का वर आली. चपला जिन्यात काढल्या, हातात कडुनिंब-गुळाची स्टीलची ताटली. "घ्या की मगळे, पोरी, आधी कडू, मग गोड," म्हणत तिनं ताटली जवळच्या जागी ठेवली. जवळची जागा म्हणजे कॅबिनेट.

"अय्यो देवरे!"

ताटली उडाली. गूळ पडद्यावर, कडुनिंब माझ्या केसांत. अक्का हात झटकत मागे सरली. "हे पण चावतंय? खाली नळाला हात लावला की असंच चावतंय की!"

"कधीपासून?"

"बोअर आटल्यानंतर कधीतरी. गीझर लावला की चावतंय, बंद केला की शांत. मुलगा म्हणतो, होतं स्वल्प स्वल्प."

गीझर. सकाळ. ओले पाय. चावणारा नळ खाली, आणि त्याच तारेला बांधलेलं माझं लोखंड वर. कोड्यातले सगळे तुकडे मी महिनाभर हातात घेऊन हिंडत होते, आणि ते जुळायला एका ताटलीला उडावं लागलं. मी वळले.

बाबा कोनाड्याकडून आले होते. डोळे अर्धे मिटलेले, ओठांत मंत्र, श्वास रोखलेला. त्यांचा तळहात पट्टीवर टेकला.

ओरडले की नाही, आठवत नाही. मंत्र मधेच तुटला. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरला की कोणी वरून खाली पुसून काढला. गुडघे दुमडले आणि ते खुर्चीत कोसळले, खांदा कॅबिनेटला टेकलेला. डावा खांदा.

मी बोर्डाचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला, टोळी गेली, पंखा थांबला. मला वाटलं, संपलं. पण बाबांचा चेहरा तसाच होता, आणि त्यांचं बोट पट्टीवर उडत होतं, पाण्याबाहेरच्या मासोळीसारखं. बंद यंत्र त्यांना चावत होतं. बटणानं तोडतो तो येणारा करंट. हा त्या वाटेनं आलाच नव्हता. हा तिसऱ्या भोकातून वर चढला होता, जिथून फक्त खाली जायचं असतं.

"पिन उपट!" अक्का किंचाळली. "पूर्ण उपट!"

मी वायर धरून ओढली. पिन बोर्डातून निघाली, सोबत अर्धा बोर्डही भिंतीतून बाहेर लोंबला.

घर शांत झालं. खाली कोणीतरी अजून न्हात होतं. मी बाबांच्या छातीवर कान ठेवला. मी जन्मात कधी गप्प बसले नव्हते. त्या वेळी बसले. ओल्या कातडीचा गारवा लागला आणि आत काही ऐकू येईना. विमान गेलं. डबे हलले. मनात आलं, आत्ता नको, जरा थांबा, मला ऐकायचंय.

मग एक ठोका आला. लांबून, कोणी दार वाजवावं की नाही या विचारात असल्यासारखा. मग दुसरा.

बाबांनी डोळे उघडले. माझ्या केसातला कडुनिंब पाहिला. "हे काय?"

"पाडवा आहे बाबा."

टेबलावरचा फोन वाजत होता. टोळी होती. "अरे, आरतीत लाइट गेली का तुमची?"

दवाखान्यात छातीतलं यंत्र तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. डॉक्टरीण म्हणाली की बाहेरच्या करंटला ते हृदयाचा ठोका समजलं. आपली गरज नाही असं वाटून गप्प बसलं. वाट बघत बसलं म्हणे. तेवढा वेळ बाबांच्या छातीत कोणीच नव्हतं.

परतताना रिक्षात मी विचारलं, "चावत होतं ते माहीत होतं नं तुम्हाला?"

"हो."

"आणि सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू डबा उचलून नेला असता. मग सकाळी मी काय केलं असतं, पोट्टे? भिंतीशी बुद्धिबळ?"

मी रिक्षातूनच वायरमनला फोन लावला.

वायरमन आला. अक्काच्या गीझरची आतली कॉइल फुटलेली निघाली. तिचा करंट तारेनं जमिनीत जाऊन मुकाट मरायला हवा होता. पण जमिनीनं घ्यायला ती ओली लागते. फरशी फोडली तेव्हा पाइपाभोवतीची माती पिठासारखी उडाली; त्यात ओल नव्हती, गांडूळ नव्हतं, अळवाचा एक वाळका कंद तेवढा निघाला. जमिनीनं नाकारलेला करंट घरभर हिंडला, आणि तिसऱ्या भोकाला बांधलेल्या प्रत्येक पत्र्यावर जाऊन बसला. नागडा पत्रा आणि ओली अनवाणी पावलं, अशी जोडी त्याला आमच्याकडेच मिळाली.

मीठ, कोळसा, नवा पाइप, नवी तार, करंट गळला की घरची वीज तोडणारी पेटी, सगळं झालं. गाडी आता रस्त्यावर उभी असते आणि अक्काचा मुलगा माझ्याकडे बघत नाही. त्याच्या गाडीतली रबरी चटई अक्कानं वर आणून दिली. बाबांचे अनवाणी पाय आता तिच्यावर असतात. चपला घालायला ते तयार नाहीत ते नाहीतच. मी कॅबिनेट काचेचं घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "त्याची काय चूक? त्यानं तर ओरडून सांगितलं."

वायरमन जाताना म्हणाला होता की उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. ते काम बाबांनी घेतलंय. न्हाऊन झालं की तांब्या भरून खाली जातात. सूर्याला दाखवतात आणि त्या खड्ड्यात ओततात, मंत्र म्हणून. अक्का वरवर कुरकुरते, "टँकरचं पाणी खड्ड्याला! सरी, सरी, घाला." तीच मागाहून तांदूळ धुतलेलं पाणीही तिथे नेऊन ओतते.

आणि वर मी टेस्टर घेऊन उभी असते. बाबा जिना चढून येईपर्यंत त्याचं टोक पट्टीवर टेकवते आणि त्यातल्या इवल्या दिव्याकडे बघते. तो लागत नाही. रोज लागत नाही.

या आठवड्यात टँकर आलेला नाही. आज बाबांनी अर्धाच तांब्या नेला. मी खिडकीतून पाहिलं. पाणी पडलं आणि दिसलंच नाही. खड्ड्यानं ते ओतता ओतताच गिळलं, आणि बाबा तांब्या उपडा धरून वाकून ऐकत राहिले, मी त्यांच्या छातीशी वाकले होते तसे. मग वर आले.

"घेतलं का?" मी विचारलं.

"घेतलं," ते म्हणाले. "पण तहानलेला आहे."

त्यांनी हात पुसले, रबरावर पाय ठेवले, आणि श्वास रोखला.